सरोवराची मागची बाजू

लेक लुईसच्या काठावर सगळ्यात दाट गर्दी असते ती पहिल्या पन्नास पावलांत. बसमधून उतरलेली माणसं हॉटेलासमोरच्या काठाशी येतात, समोर बघतात, आपापल्या भाषेतलं 'अगं बाई!' म्हणतात आणि लगेच सरोवराकडे पाठ करतात. पाठ केल्याशिवाय ते फोटोत मागे येत नाही ना! मग तोच फोटो उभा, तोच आडवा, चष्मा लावून, चष्मा काढून. तेवढ्यात परतीच्या बसची वेळ होते.

त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. समोरचं दृश्य आहेच तसं. दोन्ही बाजूंनी उतरत आलेले डोंगर, मधोमध ३,४६४ मीटर उंचीचा माउंट व्हिक्टोरिया, त्याच्या अंगाखांद्यावरचं बर्फ, आणि पुढ्यात जेमतेम दोन किलोमीटर लांबीचं पाणी. त्या पाण्याचा रंग निळा म्हणावा तर हिरवा वाटतो, हिरवा म्हणावा तर निळा. तो खरा आहे यावर पहिली काही मिनिटं विश्वास बसत नाही. कुणीतरी पाण्यात काहीतरी कालवलंय, असा माणसाला संशय येतो. संशय बरोबर असतो. पण कुणी आणि काय कालवलं, हे त्या पन्नास पावलांत कळत नाही. त्यासाठी चालावं लागतं.

भाची कॅल्गरीला राहते. तिथून हे ठिकाण गाडीने दोन तासांवर. उन्हाळ्यात मात्र सरोवराजवळचा वाहनतळ सूर्य वर येईस्तोवर भरून जातो, म्हणून लोक गाडी खाली कुठेतरी लावून बसने वर येतात. "मावशी, आज टाइमपास नाही, थेट वर जायचं," असं तिने बसमध्येच बजावलं होतं. मी मान डोलावली. काठावर रेंगाळणाऱ्या माणसाला मान डोलावण्याचे पैसे पडत नाहीत.

या तळ्याच्या नावात एक घरगुती गंमत आहे. लुईस ही व्हिक्टोरिया राणीची चौथी मुलगी. तिचा नवरा कॅनडाचा गव्हर्नर जनरल होता. तिचं पूर्ण नाव लुईस कॅरोलाइन अल्बर्टा, आणि त्यातल्या शेवटच्या नावावरून हा सगळा अल्बर्टा प्रांत ओळखला जातो. म्हणजे तळं लेकीचं, प्रांत लेकीचा, आणि तळ्याच्या डोक्याशी उभी आई. बर्फाच्या साडीत, कायमची लक्ष ठेवून! त्याआधी इथल्या स्टोनी नाकोडा लोकांसाठी हे छोट्या माशांचं तळं होतं. १८८२ साली रेल्वेच्या मोजणीवाल्यांचं सामान घोड्यांवरून वाहणारा टॉम विल्सन जवळपास मुक्कामाला असताना त्याला गडगडाट ऐकू आला. एडविन हंटर नावाच्या नाकोडा माणसाने त्याला सांगितलं, की तो आवाज तळ्यावरच्या डोंगरातून कोसळणाऱ्या बर्फाचा आहे. मग त्याने विल्सनला तिथवर नेलंही. तेव्हापासून हे सरोवर विल्सनला 'सापडलं' असं पुस्तकांत छापतात. वाट दाखवणाऱ्याचं ते कधी हरवलंच नव्हतं.

उजव्या काठाने सरोवराच्या दुसऱ्या टोकापर्यंत सपाट वाट जाते. बाबागाड्या, चाकाच्या खुर्च्या, काठी टेकत निघालेले आजोबा, सगळ्यांना जमेल अशी. पाण्यावर भाड्याच्या लाल होड्या. भाडं ऐकून आम्ही दोघींनी चालणंच आरोग्याला चांगलं असं ठरवलं. मी कडेला बसून पाण्यात हात घातला. ऑगस्टचं ऊन पाठीवर होतं, तरी दहा आकडे मोजायच्या आत बोटं बधिर झाली. नोव्हेंबरपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत गोठलेलं पाणी ते, मधल्या चार दिवसांच्या उन्हाने कितीसं तापणार?

हॉटेल मागे पडत जातं तशी माणसं विरळ होतात, आणि वाटेच्या शेवटी चित्र एकदम पालटतं. उजव्या हाताला क्वार्ट्‌झाइटचे उभे कडे, त्यांवर दोराला लटकलेले प्रस्तरारोही. डाव्या हाताला चिखल. ज्या सरोवराची कॅलेंडरं निघतात, त्याचं हे टोक म्हणजे करड्या गाळाचं मैदान. मधून चार-पाच फाटे फुटलेला ओढा येतो, सिमेंट धुतलेल्या पाण्याच्या रंगाचा. इथपर्यंत आलेले बरेचजण थोडे खट्टू होतात आणि परत फिरतात. मला विचाराल तर खरं सरोवर इथे सुरू होतं.

वर डोंगरात हिमनदी आहे. आपल्याच वजनाने ती बोटाबोटाने खाली सरकते. तिच्या तळाशी गोठून बसलेले दगडधोंडे खालच्या कातळावर घासत येतात. वर जड पाळी, खाली स्थिर पाळी, मध्ये भरडला जाणारा खडक: हे जातं हजारो वर्षं फिरतंय आणि त्यातून खडकाचं पीठ पडतंय. वितळलेल्या पाण्याबरोबर ते खाली येतं. त्यातला जाडा भरडा या टोकालाच बसतो, त्याचंच हे चिखलाचं मैदान. अगदी वस्त्रगाळ भाग मात्र बुडत नाही, दिवसचे दिवस पाण्यात तरंगत राहतो. उन्हातला तांबडा भाग पाणी शोषून घेतं, आणि हे कण निळा-हिरवा प्रकाश चहूकडे उधळतात. म्हणून जूनमध्ये बर्फ नुकतं फुटलेलं असताना पाणी गडद, काळसर दिसतं. जुलै-ऑगस्टमध्ये वर वितळण्याची घाई सुरू झाली, पीठ येऊ लागलं, की त्या रंगाला तेज चढतं.

मी चिमूटभर गाळ उचलून बोटांत चोळला. कुठेही दाणा लागला नाही. हात धुतले, रुमालाला पुसले, तरी तो करडेपणा बोटांच्या रेषांत बसून राहिला. पुढे चहाच्या कपावर माझ्या अंगठ्याचा स्वच्छ ठसा उमटला तो त्याचाच.

हा गाळ दर उन्हाळ्यात सरोवराची आणखी थोडी जागा घेतो. मागून भरत भरत एक दिवस ते बुजणार, हे भूगोलाला ठाऊक आहे. आणि पुढचा बांध? तोही हिमनदीचाच. पूर्वी ती पार खालपर्यंत आलेली असताना तिने आपल्या तोंडाशी जो राडारोडा आणून टाकला, त्याने पाणी अडलं. त्या राडारोड्याच्या ढिगावर आज ते भलंमोठं हॉटेल उभं आहे. एका रात्रीचं भाडं देणाऱ्यांना हे सांगत असतील की नाही, कोण जाणे.

इथून वर चढते ती 'प्लेन ऑफ सिक्स ग्लेशियर्स'ची वाट. दुसरी एक प्रसिद्ध वाट हॉटेलाच्या बाजूनेच जंगलातून लेक अ‍ॅग्नेसला जाते. साडेतीन किलोमीटर, चारशेक मीटर चढ, आणि वर १९०५ पासून चहा देणारं लाकडी चहाघर. तिकडे रांग फार. पण ज्या बाईचं नाव त्या तळ्याला आहे, तिच्याविषयी सांगायलाच हवं. अ‍ॅग्नेस मॅकडोनाल्ड, कॅनडाच्या पहिल्या पंतप्रधानांची बायको. १८८६ साली नव्या रेल्वेने पश्चिमेला निघालेली असताना या सरोवराखालच्या स्टेशनातून पुढचा घाट तिने इंजिनाच्या पुढ्यात बसून पाहिला. रुळांवरची जनावरं बाजूला सारण्यासाठी लोखंडी फाळ असतो ना, त्याच्यावर एक खोकं मांडून, त्यावर बसून! पंतप्रधान डब्यातच बसले होते.

रेल्वे १८८५ मध्ये पुरी झाली, आणि आता एवढ्या लांबच्या गाडीत बसायला माणसं कुठून आणायची, असा प्रश्न कंपनीला पडला. त्याचं उत्तर म्हणजे हे सगळं: हॉटेलं, पायवाटा, चहाघरं आणि खास स्वित्झर्लंडहून आणलेले वाटाडे. निसर्गप्रेम वगैरे नंतर आलं, आधी तिकीट. पण वाटा मात्र मन लावून काढल्या आहेत. चढ कुठेही अंगावर येत नाही, नागमोडी वळणं मोठी आणि सावकाश. दगडावर पाय टाकावा तर तो हलत नाही. आपल्याकडे गवताळ उतारावर मुरमाच्या घसाऱ्याने पाय सटकायची सवय झालेल्या माणसाला पहिला तासभर उगीच सावध चालल्यासारखं वाटतं.

या जंगलात अस्वलं आहेत, ग्रिझलीसुद्धा. ठिकठिकाणी पाट्या आहेत: चार जणांनी मिळून जा, बोलत जा, अस्वलाला अचानक दचकवू नका. गोऱ्या मंडळींना हे बोलत चालणं जरा अवघड जातं. मधूनच ती कर्तव्य म्हणून 'हे बेअर!' अशी हाळी देतात. आम्हां दोघींना वेगळं काही करावं लागलं नाही. एका नात्यातल्या लग्नाचा हिशेब निघाला आणि टप्प्यातलं प्रत्येक अस्वल मैलभर मागे हटलं असणार.

झाडं संपली की दगडांचा प्रदेश सुरू होतो. तिथे पायका भेटला. उंदराएवढा ससा म्हणा, किंवा शेपूट नसलेला, गोल कानांचा उंदीर, पण जात सशाची. तोंडात आडवी धरलेली गवताची काडी त्याच्या अंगापेक्षा लांब. एका दगडावर थबकला, आमच्याकडे बघून 'ईक' केलं, काडी फटीत नेऊन ठेवली आणि रिकाम्या तोंडाने परत निघाला. हिवाळ्यात तो झोपत नाही. बर्फाखाली राहून हीच साठवण खातो. आम्ही पाणी प्यायला थांबलो तेवढ्यात त्याच्या चार खेपा झाल्या. त्या अवधीत भाचीने मला दोनदा "चल" म्हटलं.

या वाटेवरचं चहाघर स्विस वाटाड्यांनी १९२० च्या दशकात रेल्वेसाठी बांधलं. दगडलाकडाचं, दुमजली. वीज नाही. सामान घोड्यांवरून आणि माणसांच्या पाठीवरून वर येतं. चहाची यादी लांबलचक, पण आपल्याला हवा तो उकळलेला, आलं घातलेला त्यात नव्हता. तरी थंडीत गरम कप हाती आला की माणूस तक्रारीचा सूर खाली आणतो. दूध वेगळं आलं, मी ते सगळं ओतलं.

बहुतेक लोक तिथून परततात. त्यापुढे दीड किलोमीटर वाट हिमनदीने कडेला रचून ठेवलेल्या राडारोड्याच्या धारेवरून जाते. एका हाताला उतार, दुसऱ्या हाताला सरळ तुटलेली दरड, आणि दरडीच्या तळाशी हिमनदी. हिमनदी म्हटल्यावर पांढरंशुभ्र काहीतरी डोळ्यांसमोर येतं. इथे दिसते ती खाणीच्या मागे टाकावी तशी खडी. बर्फ तिच्याखाली आहे. मधेच कुठे खडी घसरून निळसर काप उघडा पडतो तेव्हा खात्री पटते. धारेवर उभं राहिल्यावर हेही कळतं, की ही धार रचली तेव्हा बर्फ इथवर, आमच्या पायांच्या उंचीला होतं. आता ते कितीतरी खाली बसलंय. पाट्यांवरचे आकडे वाचायची गरज पडत नाही.

समोर लेफ्रॉय आणि व्हिक्टोरिया या डोंगरांमधली अ‍ॅबट खिंड. १८९६ च्या ऑगस्टमध्ये फिलिप अ‍ॅबट हा अमेरिकन गिर्यारोहक लेफ्रॉयवरून पडून गेला. उत्तर अमेरिकेतल्या गिर्यारोहणातला तो पहिला बळी मानला जातो. लोक घाबरले तर गाडीत कोण बसणार? तेव्हा १८९९ मध्ये रेल्वेने स्विस वाटाडे नेमले, आणि पुढच्या अर्ध्या शतकात त्यांच्या हातून एकही गिऱ्हाईक दगावलं नाही. १९२२ साली त्यांनी त्या खिंडीत, २,९२५ मीटरवर, तिथलाच दगड वापरून एक झोपडी बांधली. बाकीचं सामान घोड्यांनी हिमनदीवरून नेलं, घोडे थकले तिथून माणसांनी पाठीवर. जवळजवळ शंभर वर्षं चढाईवाले तिच्यात निजले. २०२२ मध्ये ती उतरवावी लागली. भिंती शाबूत होत्या. खालचा उतार ज्या बर्फाने बांधून ठेवला होता ते बर्फच सुटत चाललं होतं. दुर्बिणीतून मी खिंडीची रेघ इकडून तिकडे पाहिली. आता तिथे नुसती खिंड आहे.

आणि या धारेवरून मागे वळलं की खूप खाली सरोवर दिसतं. त्याचा तो अशक्य रंग इथून अधिकच गडद, आणि त्याच्या अलीकडच्या टोकाला गाळाची करडी जीभ. कॅलेंडरवाल्यांनी एकदा इथून फोटो काढायला हवा. कारखाना, कच्चा माल आणि पक्का माल एका चौकटीत येतो. खपणार नाही, हेही खरं.

सहा हिमनद्या मोजायचा मी प्रयत्न केला. भाचीच्या मते पाच, माझ्या मते सात. शेजारच्या जर्मन गृहस्थांनी नकाशा काढला आणि आम्ही सगळेच आणखी गोंधळलो.

उतरताना जंगलाच्या वरच्या कडेला एक पंजाबी कुटुंब चढत येताना भेटलं. सून पुढे, नातवंडं त्याहून पुढे, आणि मागे सलवार-कमीजवर पांढरे बूट घातलेल्या आजीबाई, एका दगडावर टेकलेल्या. मी दिसताच त्यांनी हिंदीत विचारलं, "बहनजी, और कितना है?" सह्याद्रीत आयुष्यभर प्रत्येक गावकऱ्याने मला एकच उत्तर दिलंय, एक बिडी ओढेस्तोवर पोचाल. मीही हसून म्हटलं, "बस, आ ही गया." आजी पदर सावरावा तशी ओढणी सावरून उठल्या आणि निघाल्या. भाचीने माझ्याकडे रागाने पाहिलं. चहाघर तिथून निदान पाऊण तास लांब होतं.