राखलेले पीठ आणि शिळी भाकर

आमच्या घरी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात एक झाकणाचा डबा असतो. त्यात पावाची मळलेली कणीक. कधी कालची, कधी परवाची. या डब्यावरून आमच्या घरात एकदा मोठा वाद झाला होता, त्याची ही हकिकत.

२०२० च्या टाळेबंदीत पुण्यातल्या पेठा बंद होत्या. गल्लीतली बेकरी बंद, वाण्याकडे यीस्ट नाही आणि मुले पावासाठी हटून बसलेली. तेव्हा आम्ही यीस्टशिवाय पाव करायचे ठरवले. वाटीभर गव्हाच्या पिठात तेवढेच पाणी कालवून बरणीत ठेवले. रोज त्यातले अर्धे काढायचे, तेवढेच नवे पीठ-पाणी घालायचे. काढलेल्याची धिरडी व्हायची. आठवड्याभरात बरणीत बुडबुडे आले, आंबूस वास सुटला. आमचे विरजण तयार झाले. यात जादू काही नाही. पिठातच सूक्ष्म जिवाणू आणि यीस्ट असते. यीस्टच्या वायूने कणीक फुगते, जिवाणूंच्या आम्लाने आंबट होते. आंबणे हे सजीवांचे काम आहे, हे लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ पासूनच्या प्रयोगांनी दाखवले. गोव्याचे पोदेर तर पूर्वी पाव माडाच्या ताडीवरच फुगवत.

टाळेबंदी उठली. आम्ही दोघेही पुन्हा सकाळी सहाला घराबाहेर पडू लागलो. पीठ मळा, चार-पाच तास फुगू द्या, मग भाजा, एवढा वेळ कोणाकडे? म्हणून रविवारी मळून डबा फ्रिजमध्ये ठेवला. मंगळवारी संध्याकाळी आईने झाकण उघडले आणि डबा तसाच जमिनीवर ठेवला.

"तीन दिसाचं पीठ? ह्या घरात शिळं चालायचं न्हाई."

आम्ही समजावू लागलो, तर ती उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. त्या रात्री ती जेवली नाही.

आई नगर जिल्ह्यातली. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याला आली. लहानपणी तिने आजीबरोबर येसकरकीची भाकर आणलेली. गावाची राखण करायची, सांगावे पोचवायचे आणि संध्याकाळी दारोदार उभे राहून भाकर मागायची. पदरात वरून टाकलेली, बहुधा सकाळची, कडक झालेली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि असले शिळे तुकडे सोडायला सांगितले, ते उगीच नव्हे. १९५६ चे धर्मांतर झाले, १९५८ च्या कायद्याने महार वतने गेली. आजीने भाकर मागणे सोडले, तेव्हा घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती. तरी तिने पदर पसरला नाही. आईच्या 'शिळं न्हाई' या शब्दात एवढे सगळे होते. आम्ही मात्र तिला फ्रिजचे तापमान सांगत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाद घातला नाही. डबा तिच्यापुढे धरला आणि म्हटले, "आई, नुसता वास घे." तिने घेतला. थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आंबिलीवानी येतोय." ज्वारीचे पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी आंबील करणारी तीच. त्या वासाला ती परकी नव्हती.

कणीक पातेल्यात भाजली, पाव फुगला. गरम तुकडा तिने कालवणाला लावून खाल्ला आणि म्हणाली, "हे आपण राखलेलं. ते त्यांनी टाकलेलं." त्यानंतर वाद राहिला नाही.

आता आमची रीत. अर्धा किलो पिठाला (निम्मा मैदा, निम्मी कणीक) शंभर ग्रॅम फुगलेले विरजण, सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास पाणी, दहा ग्रॅम मीठ. मळून तीन-चार तास झाकून ठेवावे, एप्रिल-मेच्या उकाड्यात दोन तास पुरतात. थोडे फुगले की तेल लावलेल्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावे. डबा दुप्पट मोठा हवा आणि झाकण सैल. आमचे घट्ट झाकण एकदा रात्री उडाले, सगळे जागे झाले! थंडीत आंबणे थांबत नाही, फक्त मंदावते. म्हणून दोन-तीन दिवसच ठेवावे. पुढे पीठ फार आंबते, चिकट होते, पाव बसतो. तसे झाले तर तव्यावर जाड रोटी लाटावी. बुरशी किंवा गुलाबी-नारिंगी छटा दिसली तर मात्र सगळे टाकून द्यावे, वरचे काढून उरलेले वापरू नये.

भाजायच्या आधी गोळा करून तास-दीड तास बाहेर ठेवावा. ओव्हन आमच्याकडेही नाही. जाड बुडाच्या पातेल्यात जाड मिठाचा थर, त्यावर तिवई, झाकण लावून दहा मिनिटे तापवायचे, मग पावाचे भांडे आत. मध्यम आचेवर पाऊण तास. फ्रिज नसेल तर विरजण निम्मे घ्यावे, थंडीच्या दिवसांत रात्री मळावे आणि सकाळी भाजावे. उन्हाळ्यात तो खटाटोप करू नये.

बरणीतले विरजण आठवड्यातून एकदा पीठ-पाणी दिले की फ्रिजमध्ये टिकते. आता ते काम आईकडे आहे. रविवारी ती आठवणीने बरणी बाहेर काढते. गल्लीतल्या दोन घरी तिने वाटीभर विरजण नेऊन दिले. कोणी मागितले नव्हते. आपल्या हाताने, आपल्या दारातून, ताजे.