दहाचे फूल

काही फुलांना संस्कृत नाव असते, काहींना देवाच्या पायाशी जागा असते. आणि काही फुले अशी असतात की त्यांना यांपैकी काहीच लाभत नाही. आमच्या गच्चीवर जे फूल गेली पंचवीसेक वर्षे आहे ते या तिसऱ्या वर्गातले. गजऱ्यात ओवावे तर त्याला देठ नाही, पूजेला घ्यावे तर सकाळच्या पूजेच्या वेळी ते मिटलेले असते. प्राजक्ताने आणि बकुळीने मराठी कवितेची पानेच्या पाने अडवली आहेत. या फुलावरची कविता आमच्या तरी वाचनात नाही. त्याचे बारसे कवींनी केलेच नाही, ते कारकुनांनी केले. आपल्याकडे त्याला 'ऑफिस टाइम' म्हणतात.

उत्तरेत ते 'नौ बजिया' असते, केरळात 'पत्तुमणि', म्हणजे दहा वाजताचे. व्हिएतनामी भाषेतही त्याच्या नावाचा अर्थ दहा वाजताचे फूल असाच आहे. ते मूळचे अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलच्या उन्हाळ मुलखातले. १८२९ साली हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे 'पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा' असे नामकरण केले. इतक्या दूरच्या लोकांनी एकमेकांना न विचारता एका फुलाला घड्याळाचे नाव द्यावे, याची आम्हांस मौज वाटते.

ही रोपे आमच्या घरी आणली ती अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी. चौतीस वर्षे कचेरीत दहाच्या ठोक्याला हजर राहिलेला हा माणूस १९९६ साली निवृत्त झाला आणि महिन्याभरात त्याने शेजाऱ्यांकडून बोटभर लांबीच्या चार फांद्या मागून आणल्या. रोज दहाच्या सुमारास चहाचा कप घेऊन ते गच्चीवर जात आणि फुले मोजत. 'आज एक्केचाळीस हजर,' असे खाली येऊन आईला सांगत. आभाळ भरून आले की फुले उमलत नसत. त्या दिवशी सगळी मंडळी रजेवर. वस्तुतः या फुलाला वेळ कळत नाही, त्याला ऊन आणि ऊब कळते. हे आम्ही त्यांना एकदा सांगितले होते. 'आम्हांला तरी कुठे वेळ कळत होती,' ते म्हणाले, 'आम्हांला साहेब कळत होता.'

त्यांची लागवडीची रीत आम्हांस पाठ आहे. कुंडी खोल नको, पसरट हवी, आणि बुडाशी भोके मोकळी हवीत. बागेतली माती आणि जाड वाळू निम्मी निम्मी, शेणखत मूठभरच. खत जास्त झाले की रोप पानांनी माजते आणि फुलायचे विसरते. फांदी मातीत नुसती खोचावी, आठवड्याभरात ती धरते. दिवसाचे सहा तास ऊन हवेच. बहर ओसरून नुसत्या काड्या दिसू लागल्या की निर्दयपणे छाटावे आणि छाटलेले दुसऱ्या कुंडीत लावावे. पिठ्या ढेकूण दिसला तर कडुनिंबाच्या तेलाचे पाणी फवारावे. आणि पाणी? बोट मातीत घालून पाहावे. ओल लागली तर झारी खाली ठेवावी. 'हे रोप तहानेने मरत नाही,' अण्णा म्हणत, 'ते लाडाने मरते.'

आई ज्या घोळाची भाजी करीत असे तो घोळ या फुलाचा सख्खा भाऊबंद, एकाच कुळातला. या कुळाची एक युक्ती विलक्षण आहे. निवडुंगासारख्या वनस्पती दिवसा पानांची रंध्रे मिटून घेतात आणि रात्री हवा घेऊन ती आम्लाच्या रूपाने साठवतात, त्यामुळे पाणी वाचते. मका आणि ऊस यांची रीत वेगळी; भर उन्हात झपाट्याने अन्न करणे ही त्यांची ख्याती. घोळाच्या कुळाला दोन्ही विद्या येतात. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ साली दाखवून दिले, की घोळाच्या पानात ही दोन्ही कामे एकाच पेशीत, एकमेकांत गुंतून चालतात. म्हणजे सुकाळात उसाची रीत आणि दुष्काळ पडला की जोडीला निवडुंगाचीही. ज्याने दुष्काळाची एवढी तजवीज केली, त्याला अतिवृष्टीपुढे मात्र काही सुचत नाही. मुळे कुजतात, देठ पाणचट होतो आणि दोन दिवसांत सारे रोप लोळागोळा होऊन पडते.

हे आम्ही पाहिले ते २०१५ साली. अण्णांची स्मृती जाऊ लागली होती. पाणी घातल्याचे त्यांना आठवत नसे, म्हणून ते दिवसातून चार-पाच वेळा घालीत. एकामागून एक कुंड्या कुजल्या. आम्ही आधी समजावले, मग ओरडलो, शेवटी झारी माळ्यावर लपवली. ते न्हाणीघरातला तांब्या घेऊन वर गेले. जिन्यात आम्ही तो त्यांच्या हातून काढून घेतला, तेव्हा ते अतिशय अजिजीने म्हणाले, 'अहो, सोडा, मला उशीर होतोय.' आयुष्यभर ज्यांनी आम्हांला 'अरे' म्हटले, त्यांच्या तोंडचे ते पहिले 'अहो'.

त्यानंतर आम्ही गच्चीवर अळू आणि कर्दळ आणून ठेवली. कितीही पाणी घाला, त्यांची तक्रार नसते. झारी जागेवर आली. हे आम्हांला सहा महिने आधी सुचले असते तर बरे झाले असते. जे रोप शेजाऱ्याच्या कुंडीतून बोटभर फांदी आणली की पुन्हा उभे राहते, ते वाचवण्यासाठी आम्ही जे परत आणता येत नाही ते खर्ची घातले. दहा वाजता ते अळूसमोर उभे राहत आणि म्हणत, 'अजून कोणी आलेलं दिसत नाही.'

अण्णा २०१८ च्या हिवाळ्यात गेले. पुढच्या उन्हाळ्यात गच्चीच्या फरशांच्या फटींतून सुईच्या टोकाएवढी रोपे वर आली. याची बोंडे डबीसारखी असतात. पिकली की वरचे झाकण गळून पडते आणि राखी रंगाचे धुळीएवढे बी सांडते. लॅटिनमध्ये 'पोर्टुला' म्हणजे लहानसे दार. कुळाचे नाव त्यावरूनच आल्याचे सांगतात. अण्णांची फुले दुहेरी, भरगच्च पाकळ्यांची होती. ही पाच पाकळ्यांची, साधी, गुलाबी निघाली. त्यांतल्या केसरांना बोट लावले की ते हळूच बोटाच्या दिशेने झुकतात. पराग कीटकाच्या अंगाला लागावा म्हणून ही योजना, हे आम्हांस ठाऊक आहे. तरी आम्ही ते रोज करून पाहतो.

कुंड्या आता पुन्हा भरल्या आहेत. आम्ही बोट घालून पाहतो आणि बहुतेक वेळा झारी खाली ठेवतो. श्रावणात शेजारच्या सूनबाईंनी विचारले, 'काका, तुमची फुलं आज उमलली नाहीत?' आम्ही म्हणालो, 'रजेवर आहेत.' त्यांना बोटभर फांदी कापून दिली आणि पाण्याविषयी बजावायचे मात्र टाळले.