उमर मुख्तार यांचा मीजान

‘लायन ऑफ द डेझर्ट’ हा १९८१ सालचा चित्रपट जवळपास तीन तासांचा. मुलांच्या शाळा, सकाळची गडबड, त्यामुळे आम्ही दोघांनी तो इशाच्या नमाजनंतर दोन रात्रींत पाहिला. दिग्दर्शक मुस्तफा अक्काद यांचा ‘द मेसेज’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात हजरत हमजा (रजि.) यांची भूमिका करणारे अँथनी क्विन इथे लिबियाचे उमर मुख्तार झाले आहेत.

उमर मुख्तार मुळात शिक्षक. मुलांना कुरआन शिकवायचे. १९११ मध्ये इटलीने लिबियावर हल्ला केला तेव्हा ते पन्नाशीच्या आसपास होते. त्यानंतर वीस वर्षं ते लढत राहिले. चित्रपटात सुरुवातीला ते मुलांना सूरह रहमानमधल्या ‘मीजान’चा, म्हणजे समतोलाचा, अर्थ समजावताना दिसतात.

पुढे एका चकमकीनंतर एक तरुण इटालियन अधिकारी त्यांच्या हाती लागतो. साथीदारांना त्याला ठार करायचं असतं, कारण शत्रू आपल्या कैद्यांना जिवंत सोडत नाही. उमर मुख्तार म्हणतात, शत्रू काही आपला उस्ताद नाही. ते त्याला सोडून देतात.

इथे आम्ही चित्रपट थांबवला. त्याच आठवड्यात आमच्या नववीतल्या मुलाच्या वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी आपल्या समाजाबद्दल अतिशय घाण मजकूर टाकला होता. मुलाने तितकंच घाण उत्तर लिहिलं आणि पाठवण्याआधी आम्हाला दाखवलं. आमच्यापैकी एकाचं म्हणणं, ‘पाठवू दे, किती दिवस ऐकून घ्यायचं?’ दुसऱ्याचं, ‘पुसून टाक.’ निर्णय झाला नव्हता.

दुसऱ्या रात्री आम्ही त्यालाही सोबत बसवलं आणि तो प्रसंग पुन्हा लावला. पाहून झाल्यावर त्याने विचारलं, “पण सोडून देऊन ते जिंकले का?”

आम्ही खरं तेच सांगितलं. जिंकले नाहीत. सुमारे एक लाख माणसं, बायका-मुलांसह, काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडली गेली. हजारो तिथेच मेली. सप्टेंबर १९३१ मध्ये उमर मुख्तार पकडले गेले आणि १६ तारखेला सुलूक इथे लोकांसमोर त्यांना फाशी दिली. पण १९८२ मध्ये याच चित्रपटावर इटलीत बंदी आली. आपल्या सैन्याची बदनामी होते, हे कारण. तिथल्या टीव्हीवर तो दिसायला २००९ साल उजाडलं. उमर मुख्तार यांचा चेहरा मात्र लिबियाच्या नोटेवर आला.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने आधीचा मजकूर पुसला. पण तो गप्प बसला नाही. हे खोटं आहे आणि मला यामुळे दुखावलं, एवढं त्याने ग्रुपवर स्वतःच्या नावाने लिहिलं. वर्गातली दोन मुलं त्याच्या बाजूने बोलली. मजकूर टाकणाऱ्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

आमच्यापैकी एकाला हे उत्तर आजही फार मऊ वाटतं. दुसऱ्याला वाटतं, सगळं ऐकून घेणं आणि तसंच घाण बोलणं, या दोन्हींच्या मध्ये जे असतं त्यालाच मीजान म्हणत असावेत.

चित्रपटात युद्धाची आणि फाशीची दृश्यं आहेत, त्यामुळे लहान मुलांसाठी तो नाही. नववी-दहावीच्या मुलांबरोबर मात्र जरूर पाहावा, आणि मध्ये थांबवून बोलावं.