सुखोमाजरीचा बांध आणि आमचा पाझर तलाव

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आईबाबांकडे चंडीमंदिरला गेलो होतो. बाबा बॉम्बे सॅपर्समध्ये आहेत आणि सध्या त्यांचे पोस्टिंग तिथे आहे. पहिल्याच रविवारी पहाटे ते मला चंदीगडच्या सुखना तलावावर पळायला घेऊन गेले. पाण्याच्या कडेने लांबच लांब रस्ता आहे. फिरायला आलेले आजी-आजोबा, लहान मुले, आमच्यासारखे पळणारे अशी तिथे रोज सकाळी गर्दी असते. पळून झाल्यावर बाबांनी विचारले, "तू आता कशावर उभा आहेस?"

"रस्त्यावर," मी म्हणालो.

"नीट बघ. एका बाजूला पाणी आहे, दुसऱ्या बाजूला जमीन किती खाली आहे?"

तेव्हा लक्षात आले की मी धरणावर उभा होतो, आणि तेही मातीच्या.

सुखना हा नैसर्गिक तलाव नाही. शिवालिक टेकड्यांतून येणाऱ्या सुखना चो नावाच्या पावसाळी ओढ्यावर 1958 मध्ये मातीचा बांध घालून तो केला. चंदीगडची आखणी करणारे ल कॉर्बुझिए आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांची ही कल्पना. पण शिवालिकची माती फार ठिसूळ. टेकड्यांवर झाडे उरली नव्हती, शेळ्या-गुरे मोकाट चरत होती. प्रत्येक पावसात माती वाहून यायची. पंधरा-सोळा वर्षांतच तलावाचा मोठा भाग गाळाने भरला.

गाळ येतो कुठून, हे शोधताना मृद संधारण संस्थेच्या चंदीगड केंद्राचे पी. आर. मिश्रा सुखोमाजरी या खेड्यापर्यंत पोहोचले. पुढच्या रविवारी बाबा मला तिथेच घेऊन गेले. पिंजोरच्या बाजूला, हरियाणात हे गाव आहे. मिश्रांनी लोकांना आधी सांगून पाहिले की टेकडीवर चराई बंद करा. पण शहराचा तलाव वाचावा म्हणून गावाने शेळ्या का विकाव्यात? लोकांचा प्रश्न बरोबरच होता. मग 1976 मध्ये माती अडवण्यासाठी तिथे पहिला छोटा मातीचा बांध झाला. त्यात पाणी साठले, ते शेताला मिळाले, आणि लोकांना टेकडी आपली वाटू लागली. पुढे असे आणखी बांध झाले. पाण्यात प्रत्येक घराचा वाटा सारखा ठरला, ज्यांना जमीन नाही त्यांचाही. त्या बदल्यात टेकडी सगळ्यांनी मिळून राखायची. कुंपण घातले नाही, तरी टेकडीवर गवत आले. शेळ्या कमी झाल्या, म्हशी वाढल्या.

बांधावर उभा राहून मी हे सगळे ऐकत होतो आणि मला आमच्या गावाचा पाझर तलाव आठवत होता. खरे सांगायचे तर मला थोडी लाजही वाटत होती.

आमचे गाव माण तालुक्यात आहे. 1972 च्या दुष्काळात सरकारी कामावर गावाने तो तलाव बांधला. माझी आजी तेव्हा नवी नवरी होती. तिने त्या बांधावर मातीच्या पाट्या वाहिल्या आहेत. कामावर सुकडी मिळायची, हे ती अजून सांगते. तलावाच्या खाली आमच्या वाडीची सगळी घरे आहेत आणि पहिले घर आजीचे आहे.

बांधाच्या पाण्याकडच्या उतारावर दगड बसवलेले असतात. त्याला पिचिंग म्हणतात. लाटांनी माती खचू नये म्हणून ते असते. पण आम्हा मुलांना ते दगड दिवाळीच्या किल्ल्यासाठी फार सोयीचे वाटायचे. दरवर्षी आम्ही चार-पाच पाट्या दगड उचलून आणत होतो. बुरूज त्याचेच आणि तटही त्याचाच. एका वर्षी आमच्या प्रतापगडाला वाडीत पहिला नंबर मिळाला होता. दिवाळी संपली की दगड तिथेच पडून राहायचे. परत कोणी नेऊन ठेवत नव्हते.

सुखोमाजरीहून परतताना मी हे बाबांना सांगितले. ते रागावले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी कागदावर बांधाचा छेद काढला. मध्ये चिकण मातीचा गाभा, दोन्ही बाजूंना मुरमाचा भराव, एका टोकाला सांडवा. म्हणाले, "मातीचे धरण तीन कारणांनी जाते. पाणी वरून वाहिले, आतून वाहिले किंवा उतार घसरला." सांडव्यात झुडपे, गाळ, कोणाचे अतिक्रमण असले की पुराचे पाणी बांधावरून उलटते आणि काही तासांत बांध कापला जातो. बांधावर बाभळी वाढल्या की मुळे आत जातात, झाड वाळले की मुळे कुजतात आणि त्या जागी पाण्याला वाट मिळते. उंदीर-घुशींच्या बिळांचेही तेच.

मग त्यांनी दोन नावे सांगितली. पहिले पानशेत. 12 जुलै 1961 ला ते फुटले, खालचे खडकवासला धरणही गेले आणि पुणे पाण्यात बुडाले. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून बांध सावरायची पराकाष्ठा केली होती. दुसरे तिवरे, चिपळूण तालुक्यातले. 2 जुलै 2019 च्या रात्री ते लहान धरण फुटले आणि खालच्या वाडीतली वीसेक माणसे गेली. धरणाला गळती आहे, असे गावकरी आधीपासून सांगत होते. फुटल्यावर खेकड्यांना दोष दिला गेला. ते मी बातम्यांत पाहिले होते, तेव्हा आम्ही वर्गात त्यावर हसलोही होतो. आता हसू आले नाही.

धरण सुरक्षेचा कायदा 2021 मध्ये झाला. पण तो 15 मीटरपेक्षा उंच धरणांना आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही धरणांना लागू आहे. आमचा बांध तेवढा उंच नाही. म्हणजे त्याची राखण करायची तर गावानेच.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो. परतीच्या पावसाने तलाव भरला होता. पहिल्या दिवशी मी वही घेऊन बांधावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो, मग खालच्या बाजूने पायथ्याशी चाललो. आढळले ते लिहिले. बांधावर बाभळी सात. सांडव्यात घाणेरी आणि वेडी बाभूळ. पिचिंग तीन ठिकाणी उखडलेले, त्यातले एक ठिकाण आमचेच. आणि पायथ्याशी, आजीच्या घराच्या समोरच, एक ओली जागा. तिथे हिरवे गवत होते आणि करंगळीएवढी धार वाहत होती.

मी आजीला सांगितले. ती म्हणाली, "आरं, पाझर तलाव हाय त्यो. पाझरणारच की!"

गावात ज्याला सांगावे तो हेच म्हणत होता. मला पटकन उत्तर सुचले नाही. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "तलावाने तळातून पाझरायचे, विहिरींना पाणी द्यायचे. बांधाच्या अंगातून थोडे पाणी येणारच, पण ते नितळ हवे. गढूळ आले तर समज, पाणी आतली माती घेऊन येते आहे." आणखी एक बजावले, की ती जागा मातीने लिंपू नका. पाणी कोंडले की दुसरीकडून फुटते. तिथे आधी वाळू, मग खडी, मग दगड असे थर घालायचे. पाणी बाहेर येते, माती आतच राहते.

मी तांब्यात ते पाणी घेतले आणि उन्हात धरले. ते नितळ होते. पण तांब्या रात्रभर ठेवल्यावर सकाळी तळाशी बोटाला लागेल एवढी माती बसली होती. ती मात्र आजीने स्वतः पाहिली. बोट फिरवले आणि काही बोलली नाही. थोड्या वेळाने एवढेच म्हणाली, "ही आमची पाट्यांतली माती."

त्या दिवाळीत आम्ही किल्ला केला, पण मातीचा. उलट जुन्या किल्ल्यांचे दगड गोळा करून, मोठ्या माणसांना बरोबर घेऊन, ते पिचिंगच्या रिकाम्या जागेत बसवले. सगळे सापडले नाहीत. सांडव्यातली झुडपे दोन दिवसांत निघाली. मोठ्या बाभळींना हात लावला नाही. त्या कशा काढायच्या ते जाणत्या माणसाने सांगायला हवे. ओल्या जागेबद्दल मी अर्ज लिहिला, त्यावर आजीचा अंगठा पहिला. अर्जाची पोच मिळाली आहे, पाहायला अजून कोणी आलेले नाही. दुरुस्ती उन्हाळ्यात, तलाव आटल्यावरच करता येईल, म्हणून आम्ही दुसरा अर्जही दिला आहे.

आमच्या शाळेत रात्रीच्या गस्तीचे महत्त्व शिकवतात. पहारेकऱ्याला रोज काही दिसत नाही, म्हणून तो पहारा सोडत नाही. धरणाचेही तसेच असावे. या पानाच्या वाचकांपैकी ज्यांच्या गावावर असा बांध आहे, त्यांनी सुट्टीत एकदा त्याच्या पायथ्याने चालून पाहावे, एवढीच विनंती आहे. अर्ध्या तासाचे काम आहे.

रविवारी आम्हाला घरी फोन करायला मिळतो. पूर्वी आजी मला जेवलास का, असे आधी विचारायची. आता ती रोज सकाळी तांब्या घेऊन पायथ्याशी जाते आणि फोनवर पहिले वाक्य तेच असते.

"आज पानी नितळ हाय."

मग ती जेवणाचे विचारते.

– एक कॅडेट, इयत्ता दहावी