एक सुलट, एक उलट

दिवाळी सरली आणि रानात ज्वारी गुडघ्याला लागली की शेवगावात दुपारच्या ओसरीवर लोकरीचे गुंडे निघत. एकीने टाके घातले की दुसरी विचारायची, "बॉर्डर कशी?" उत्तर ठरलेलं असे, "एक सुलट, एक उलट." तेवढ्यावर पुढची तीन-चार बोटं वीण सांगून झालेली असायची.

सुलट टाक्याला धागा सुईच्या मागे, उलट टाक्याला पुढे. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी साधी वीण कडेला गुंडाळते. म्हणून गळा, मनगट आणि कंबर इथं दोन्ही टाके शेजारी-शेजारी घ्यायचे. सुलट वर उठतो, उलट आत बसतो. त्यातून पडलेल्या उभ्या घड्या ताणल्या की उघडतात, सोडल्या की मिटतात. रबर न घालता स्वेटर अंगाला धरून बसे तो यामुळेच. आई बॉर्डरला अकरा नंबरच्या सुया घ्यायची, अंगाला नऊच्या; नंबर मोठा तेवढी सुई बारीक. टाके सम असले तर प्रत्येक ओळ सुलटनेच सुरू, विषम असले तर परतताना आधी उलट. इथं चुकलं की रेघा मोडून दाणेदार वीण व्हायची. दिसायला छान, पण तिला तो ताण नाही. मग उसवा! गणिताला घाबरणाऱ्या मुली हा हिशेब गप्पांच्या नादातही चुकू देत नसत.

आमच्याकडच्या मेंढ्यांची लोकर घोंगडीसाठी मागावर जायची. सुयांवर चढायची ती दुकानातली, बहुधा ॲक्रिलिकची. तिलाही लोकरच म्हणत. थोरल्याचा स्वेटर आखूड झाला की तो उसवून धाकट्याची कानटोपी व्हायची.

आता स्वेटर तयार मिळतो, हलका आणि स्वस्त. ते चांगलंच झालं. दिवसभर रानात राबलेल्या बाईने रात्री दिव्याखाली डोळे का शिणवावेत? त्या तयार स्वेटरच्या मनगटापाशीही बहुधा हीच वीण असते, यंत्राने घातलेली. मुलांना दाखवली तर ती म्हणतात, "इलॅस्टिक आहे." याचं मला खरंच वाईट वाटतं. मोबाइलवर वीण बघायला मिळते, पण गळलेला टाका उचलून द्यायला शेजारी कुणी नसतं.

घरात आजी, काकू, मावशी, ज्यांना हे येतं त्यांच्याजवळ या हिवाळ्यात जरूर बसा. दहा नंबरच्या सुया, लोकरीचा एक गुंडा आणि चाळीस टाके सुरुवातीला पुरेत. चाळीस सम आहेत, तेव्हा प्रत्येक ओळ सुलटने सुरू करा.