वळणावरचीं दोन चाकें

१९५७ सालीं इंग्लंडांत निघालेली लोटस सेव्हन ही मोटार सुटे भाग घेऊन घरीं जोडतां येई. तिच्या मागील आंसांतील डिफरन्शियल मला आम्हां शिक्षकांचा गुरु वाटतो. वळणावर बाहेरच्या चाकास अधिक वाट चालावी लागते. दोन्ही चाकें एकाच दांड्यास जखडलीं, तर एक फरफटतें. हें यंत्र दोहोंस आपापल्या गतीनें फिरूं देतें.

वेगांत इंजिनास श्रम कमी पडावे म्हणून हौशी लोक हा संच बदलतात. चाकाच्या एका फेऱ्यास मुख्य दांडा ३.९ ऐवजीं ३.६ वेळां फिरतो. पण चढावरील ओढ तितकीच घटते. नव्या संचाच्या खांचा चाकांकडील दांड्यांशीं न जुळल्या, तर दांडेही बदलावे लागतात.

चपळ व मंद मुलांस एकाच गतीनें हांकणाऱ्या शिक्षकानें हें यंत्र एकदां उघडून पाहावें.