किंमत पायाची नव्हे, कामाची

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे घरोघर सांगतात. बांधाच्या भांडणापुरते ते खरे असेल. पण रस्त्यावर अपघात होऊन घरचा कर्ता माणूस अधू झाला, तर तीच म्हण घराला महाग पडते.

काही वर्षांपूर्वी रत्नागिरीत अपघाताचे दावे चालवणारे एक वकील माझ्या कचेरीत आले. त्यांचा अशील हापूस उतरवणारा गडी. मुंबई-गोवा महामार्गावर ट्रकची धडक बसून त्याचा गुडघा कायमचा आखडला होता. वकील विचारू लागले, "साहेब, हंगामात असा गडी किती दिवस झाडावर असतो? चढणाऱ्याला मजुरी किती, खाली बसून आंबा निवडणाऱ्याला किती? आखडल्या पायाने भातलावणी होईल का?" मला वाटले होते, ते कायद्याची कलमे सांगतील, त्यांनी आंब्याचीच कलमे काढली!

त्यामागचे कारण त्यांनी समजावले. २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की डावा हात गेला तर सुताराचा किंवा ड्रायव्हरचा धंदाच बसतो, पण सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेले अपंगत्व वेगळे आणि बुडालेली कमाई वेगळी.

हिशेब करून पाहा. वय ३८, कमाई महिना १२,००० रुपये. या वयाला १५ वर्षांचा गुणक धरतात. कमाई ३० टक्के बुडाली असे धरले, तर ६,४८,००० रुपये होतात. झाडावर चढणेच संपल्यामुळे ती ६० टक्के बुडाली असे सिद्ध झाले, तर १२,९६,००० रुपये. दवाखान्याचा खर्च निराळा. एवढा फरक केवळ नीट पुरावा दिल्याने पडतो. चांगला वकील कोर्टात बोलतो थोडे. त्याचे खरे काम असा पुरावा गोळा करण्याचे.

घरातल्या बाईच्या कामालाही मोल आहे. जमशेदपूरच्या आगीच्या खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणींच्या श्रमाचे मोल महिना ३,००० रुपये धरले होते.

तेव्हा बंधुभगिनींनो, अपघात झाल्यास पोलिसांतील फिर्याद, पंचनामा, दवाखान्याची बिले आणि अपंगत्वाचा दाखला जपून ठेवा. मजुरीची नोंद वहीत करा. आंबा विकल्याच्या पट्ट्या फेकू नका. दावा आपण राहतो त्या भागातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही करता येतो. कायद्यात १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिच्याविषयीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला असला, तरी आपण उशीर करू नये. भरपाईत टक्केवारीने वाटा घेण्यास बार कौन्सिलचे नियम वकिलाला मनाई करतात; फी आधी ठरवून घ्यावी. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना आणि कमी उत्पन्नाच्या माणसांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

ज्याचे हातपाय हेच भांडवल, त्याने ते गेल्यावर भरपाई मागण्यात कमीपणा कसला? ती भीक नव्हे, हक्क आहे.